घरी बांधलेल्या गाडीचा डॅशबोर्ड: मटेरियल कोणतं, गेज कसे, वायरिंग कशी?

चेसिस_नागपुरी

नमस्कार मंडळी. दोन सीटची उघडी गाडी बांधणं सुरू आहे. चौकोनी पाइपची चेसिस, पुढे मारुती ८०० चं कार्ब्युरेटरवालं तीन सिलिंडर इंजिन आणि गिअरबॉक्स जसाच्या तसा. टायर १५५/६५ आर १३. पुढची काच आहे, छप्पर नाही. म्हणजे मे महिन्यातलं ऊन आणि जुलैतला पाऊस, दोन्ही थेट डॅशवर.

दोन्ही बाजूंच्या पाइपमधलं अंतर ११८० मिमी. त्यात हे बसवायचं आहे: स्पीडोमीटर आणि इंजिनाचे फेरे दाखवणारा टॅकोमीटर (८० मिमीचे), चार छोटे गेज (५२ मिमी: पेट्रोल, पाण्याचं तापमान, ऑइल प्रेशर, व्होल्ट), सात स्विच आणि इंडिकेटर-हाय बीमचे दिवे. संपूर्ण पॅनल दहा मिनिटांत निघालं पाहिजे, ही अट.

प्रश्न तीन. मटेरियल कोणतं घ्यावं: प्लायवर रेक्झिन, अ‍ॅल्युमिनियम, फायबर की थ्रीडी प्रिंट? गेज बाजारातले घेतले तर ८०० च्या सेंडरवर (टाकीत किंवा इंजिनात बसून गेजला माप कळवणारा सेन्सर) चालतील का? आणि वायरिंग कशी विभागावी?

---

पाना_नंबर_१०

भाऊ, मटेरियलच्या आधी पुठ्ठा घ्या. फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा ११८० चा कापा, गेजचे पूर्ण मापाचे कागदी गोल चिकटवा, सीट तिच्या जागी बोल्ट करा, स्टिअरिंग लावा आणि बसून पाहा. हेल्मेट घालून चालवणार असाल तर हेल्मेट घालून पाहा, डोळा दोन-तीन सेंमी तरी सरकतो. स्टिअरिंगची वरची कडा नेमकी स्पीडोच्या ४० ते ८० च्या आकड्यांवर येते, हा हमखास होणारा घोटाळा. गेज वर-खाली सरकवूनही जमत नसेल तर टॅको त्याच्या भोकातच फिरवून बसवा, लाल पट्टी सरळ वर येईल अशी. आकडे तिरके दिसतात, पण काटा दिसतो, आणि चालवताना तेवढंच लागतं.

दुसरं माप मागच्या बाजूचं. ५२ च्या गेजला मागे कनेक्टरसकट ७०–८० मिमी जागा धरा. केबलवाल्या स्पीडोला तेवढ्यावर भागत नाही: केबल मागून निदान १०० मिमी सरळ यायला हवी, मग मोठं वळण. १५० मिमीपेक्षा लहान त्रिज्येत वळवली की कमी वेगात काटा थरथरतो आणि लोक मीटरला दोष देतात. वायपरची मोटर आणि तिचा दांडा पूर्ण फिरवून पाहा, मगच स्पीडोची जागा पक्की करा.

आता सांगाडा. डॅशचं पॅनल स्वतःच्या जोरावर उभं करू नका. २५×२५×१.६ चा चौकोनी पाइप आडवा टाका, दोन्ही टोकांना चेसिसला वेल्ड करा, मधे एक पाय खाली बोगद्याला (फरशीच्या मधल्या उंचवट्याला). या पाइपवर एम ६ चे रिव्हनट (पाइपच्या भोकात रिव्हेटसारखे दाबून बसवायचे नट), सहा ठिकाणी. दोन आधारांत ३०० मिमीपेक्षा जास्त अंतर नको. तीन सिलिंडर इंजिन आयडलला गाडीभर हलतं, आणि मोकळं पॅनल त्या तालावर गुणगुणतं. प्रत्येक बोल्टखाली रबर वॉशर.

स्टिअरिंग कॉलमचा ब्रॅकेट मात्र वेगळा, थेट चेसिसच्या पाइपवर. डॅशला कॉलमचा भार द्यायचा नाही आणि कॉलमभोवती ८–१० मिमी फट ठेवायची.

मटेरियलबद्दल माझं मत सरळ आहे. नागपूरच्या उन्हात (२३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले, आणि तेही सावलीतलं तापमान) काचेमागच्या काळ्या पृष्ठभागाचं तापमान सहज ७०–८० च्या घरात जातं. थ्रीडी प्रिंटिंगच्या प्लास्टिकांपैकी पीएलए ६० च्या आसपास मऊ पडतं, पीईटीजी ८० ला. म्हणजे या दोन्हींचे गेज पॉड पहिल्याच उन्हाळ्यात झुकतील. प्रिंटच करायचं असेल तर एएसए प्लास्टिक. ते शंभराच्या आसपासपर्यंत टिकतं आणि उन्हाने पिवळंही पडत नाही. ट्रायल फिटिंगला पीएलए उत्तम, त्यापुढे नाही.

सपाट पॅनल हवं असेल तर २ मिमी अ‍ॅल्युमिनियम. बेंडिंग करायचं असेल तर ५०५२ ग्रेड मागा. ६०६१-टी६ कमी त्रिज्येत वाकवलं की बाहेरच्या कडेला भेगा. प्लाय घ्यायचा तर आयएस ७१० चा शिक्का असलेला मरीन, ९ मिमी, आणि कापलेल्या प्रत्येक कडेला, गेजच्या भोकाच्या आतल्या कडेलासुद्धा, इपॉक्सीचे दोन हात. पाणी प्लायमध्ये कडेतूनच शिरतं.

अ‍ॅक्रिलिकचा मोह टाळा. ११८० मिमी लांबीत ५० अंशांच्या फरकाने अ‍ॅल्युमिनियम सव्वा मिमीच्या आसपास वाढतं, अ‍ॅक्रिलिक चार मिमी. गोल भोकात घट्ट बोल्ट असला की भोकापासून तडा. अ‍ॅल्युमिनियमलाही एका टोकाची भोकं गोल आणि बाकीची लांबट ठेवा.

---

फायबर_गल्ली

भाऊ, उघडी गाडी हाय, पाऊस खाणार हाय, त फायबरच करा. पण थर्माकोलचा साचा करून त्याच्यावर पॉलिस्टर रेझिन टाकू नका बाप्पा. रेझिनमधलं स्टायरीन थर्माकोल खाऊन टाकते, दहा मिनिटांत साचा बसते खाली. थर्माकोलच वापरायचा असन त त्याच्यावर खाकी पॅकिंग टेप पूर्ण मारा, एक सुई जाईन एवढी फट नको. नाही त पीयू फोम घ्या, त्याले काही होत नाही.

माल किती लागते ते सांगतो. पॅनल आन् वरचा हूड (गेजवर सावली धरते ती झापड) मिळून ०.६ चौरस मीटर धरा. ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) चॉप्ड मॅटचे, म्हणजे काचतंतूच्या चटईचे, तीन थर म्हणजे मॅट झाली ५४० ग्रॅम. रेझिन मॅटच्या अडीच पट, म्हणजे १.३५ किलो. वरून जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत थर) ३०० ग्रॅम. वाया जाते ते धरून दोन किलो रेझिन आणा, मधात दुकानात पळायचं काम नाही राहत. जाडी सव्वादोन-अडीच मिमी येते, तेवढी पुरते. जिथं बोल्ट येतीन तिथं ५० मिमीचे चौकोनी तुकडे, आणखी दोन थर.

आता खरा घोळ हार्डनरचा. डब्यावर दीड-दोन टक्के लिहून राहते. ते २५ अंशाचं गणित हाय. आपल्याकडे एप्रिलात दुपारी दोन टक्के टाकलं त वाटीतच जेली होते, वाटी गरम होऊन धूर निघते. उन्हाळ्यात १ टक्का, सकाळी सातच्या आत काम. ३०० ग्रॅम रेझिन, ३ मिली हार्डनर, एवढाच घाणा एका वेळी. इंजेक्शनच्या सिरिंजनं मोजा, अंदाजानं झाकण ओतू नका. पण १ टक्क्याच्या खालीही जाऊ नका, माल कच्चा राहते आन् वर्षभर चिकट लागते.

कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करते ते) अन् हार्डनर एकमेकात डायरेक्ट कधीच मिसळायचे नाहीत. भडका होते, मजाक नाही. आधीच कोबाल्ट टाकलेलं रेझिन घ्या. मास्क कार्ट्रिजवाला, केमिकलच्या वाफेचा. रुमाल बांधून काही होत नाही. अन् हार्डनर डोळ्यात उडालं त डोळा जाऊ शकते, चष्मा घालूनच हात लावा.

गेजच्या गोल घरासाठी साचा नाही लागत. १२ मिमी एमडीएफच्या रिंगा कापा, पट्ट्यांनी पाहिजे त्या कोनात उभ्या करा, वरून जुन्या टी-शर्टाचं होजिअरी कापड ताणून स्टेपल करा. त्याच्यावर पातळ रेझिन पाजा. कडक झालं की मागून मॅटचे दोन थर, समोरून पुट्टी. ८० चा पेपर, मंग १८०, मंग ३२०. कापड रेझिन पिलं नाही असे पांढरे डाग दिसले त तिथंच थांबा, अजून पाजा. ते डाग नंतर पुट्टीसकट उखडते.

माल साच्यातून काढायची घाई नका करू. २४ तास साच्यात, नंतर दोन दिवस उन्हात सपाट ठेवून. हिरवा, म्हणजे पूर्ण न वाळलेला, माल लावला त मे महिन्यात मॅटच्या रेषा पेंटमधून वर येते आन् पॅनल आपल्या मनानं वाकते.

---

चेसिस_नागपुरी

फायबरच ठरलं मग. गेज घर होजिअरीने, मुख्य पॅनल साच्यात. रेक्झिनचं काय? इतवारीतून आणून वर चढवावं म्हणतोय. आणि वायरिंगवर कोणी बोलेल का? टॅकोवर ४, ६, ८ सिलिंडरचा स्विच आहे, तीनचा नाहीच.

---

बारा_व्होल्ट

टॅकोपासून सुरू करतो. तुमच्या इंजिनात दोन फेऱ्यांत तीन स्पार्क, म्हणजे फेरीला दीड पल्स. टॅको ४ वर ठेवला तर तो फेरीला दोन पल्सची अपेक्षा करतो आणि ३००० ला २२५० दाखवतो. ६ वर ठेवला तर तीनची अपेक्षा, बरोबर निम्मं: ३००० ला १५००. म्हणून ६ वर ठेवा आणि डायलवर दुप्पट आकड्यांचा नवा स्टिकर छापून लावा. काटा अर्ध्याच डायलवर फिरेल, पण खोटं बोलणार नाही. तीनचं सेटिंग असलेला टॅको मिळाला तर प्रश्नच मिटला. सिग्नल इग्निशन कॉइलच्या निगेटिव्हवरून. त्या वायरवर शेकडो व्होल्टचे झटके असतात, ती सेंडरच्या वायरींच्या जुडग्यात बांधू नका.

स्पीडो: ८०० चा मूळ टायर १४५/७० आर १२, घेर साधारण १.५९५ मीटर. तुमच्या १५५/६५ आर १३ चा १.६७० मीटर. फरक ४.७ टक्के. मीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६३ च्या जवळ असेल. मीटर कमी दाखवणं हे जास्त दाखवण्यापेक्षा वाईट. त्यातून दुसऱ्या गाडीचा केबल मीटर घेत असाल तर त्याच्या डायलवर बारीक अक्षरात आकडा शोधा. जपानी धाटणीच्या मीटरमध्ये किलोमीटरला ६३७ फेरे हे नेहमीचं. तो आकडा जुळला नाही तर घेऊ नका.

पेट्रोलच्या गेजबद्दल लोक सगळ्यात जास्त फसतात. गेज आणि सेंडर ही जोडी असते. बाजारातले ५२ मिमीचे गेज मुख्यतः दोन जातींचे: युरोपीय पद्धतीचा १०–१८० ओहम (रिकामी १०, भरलेली १८०) आणि अमेरिकन २४०–३३ (रिकामी २४०, भरलेली ३३). तुमचा सेंडर टाकीतून काढा, मल्टिमीटर २०० ओहमवर, फ्लोट खाली, मधे आणि वर धरून तीन आकडे लिहा आणि मगच गेज विकत घ्या. तापमानाचं तेच. तिथे तर सोपा उपाय आहे: गेजसोबत आलेलाच सेंडर लावा, आटा जुळत नसेल तर अ‍ॅडॉप्टर. त्या आट्यावर टेफ्लॉन टेप भरमसाट गुंडाळू नका, सेंडरला अर्थ (अर्थिंग, म्हणजे करंटची बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीची वाट) त्या आट्यातूनच मिळतो.

आणि हा अर्थ म्हणजे फायबर डॅशची सगळ्यात मोठी अडचण. पत्र्याच्या डॅशमध्ये गेजच्या बॉडीला आपोआप अर्थ मिळतो, फायबरमध्ये काहीच मिळत नाही. लक्षण अगदी ओळखीचं: इंडिकेटर लावला की टिक-टिकच्या तालावर पेट्रोलचा काटाही नाचतो, हेडलाइट लावले की पाणी पाच अंशांनी तापल्यासारखं दिसतं. गेज बिघडलेले नसतात, दिव्यांचा करंट गेजच्या अर्थमधून वाट काढत असतो. पॅनलच्या मागे अर्थच्या दोन वेगळ्या वायरी काढा, गेजची एक, दिव्यांची एक, दोन्ही १.५ चौरस मिमी, आणि चेसिसवर जाईपर्यंत एकत्र करू नका. चेसिसवर रंग खरवडून पत्रा चमकेपर्यंत घासा, दातेरी वॉशर, बोल्ट, वरून व्हॅसलिन. इंजिन ते चेसिस जाड पट्टीही विसरू नका, तीन सिलिंडरचं इंजिन रबर माउंटवर असतं आणि त्या पट्टीशिवाय स्टार्टरचा करंट चोकच्या केबलमधून जातो. केबल लाल होते.

चार्जिंगच्या लाल दिव्यात एलईडी घालू नका. अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट त्या बल्बमधूनच मिळतो. २–३ वॅटचा साधा बल्ब ठेवा. एलईडीच हवा असेल तर त्याला समांतर १०० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टन्स. नाहीतर इंजिन सुरू होईल, पण जोरात रेस दिल्याशिवाय चार्जिंग सुरू होणार नाही. अ‍ॅमीटरऐवजी व्होल्टमीटर घेतलात हे उत्तम, सगळा चार्जिंग करंट डॅशमागे आणून ठेवण्यात अर्थ नाही. इंजिन बंद असताना १२.६, चालू असताना १३.८ ते १४.४ दिसलं म्हणजे ठीक.

आता दहा मिनिटांची अट. पॅनलवरच्या वायरी मोजा: इग्निशन १, अर्थ २, बॅकलाइट १, पेट्रोल १, तापमान १, ऑइल १, चार्जिंग १, टॅको १, इंडिकेटर २, हाय बीम १, हँडब्रेक १. झाल्या १३. १६ पिनचा लॉकवाला कनेक्टर घ्या, तीन रिकाम्या राहू द्या, सहा महिन्यांत भरतात. कनेक्टर पॅनलपासून २०० मिमी सैल वायर ठेवून, म्हणजे पॅनल पुढे ओढून हात घालता येतो. स्विचचा कनेक्टर वेगळा. काढायचं काय, तर स्पीडोच्या केबलची चुडी एक, कनेक्टर दोन, बोल्ट सहा. एवढंच.

स्विचमधून जड करंट नेऊ नका. हेडलाइट ६०/५५ चे दोन, हाय बीमला १२० वॅट, म्हणजे १० अँपिअर. रिले लावा, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच (पिन ३० ला फ्यूजमधून बॅटरी, ८७ ला दिवा, ८५ ला अर्थ, ८६ ला स्विच). रिलेची कॉइल ०.१५ अँपिअरच्या आसपास ओढते, मग स्विचपर्यंत ०.५ चौरस मिमी वायर पुरते आणि डॅशमागचा जुडगा निम्मा होतो. हाय-लोसाठी दोन वेगळे रिले, प्रत्येकी १५ अँपिअरचा फ्यूज, बॅटरीकडून २.५ चौरस मिमी, पुढे प्रत्येक दिव्याला १.५. रेडिएटरच्या पंख्याला स्वतंत्र रिले, २० चा फ्यूज. पंख्याचा करंट डीसी मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरने बघा, घरच्या एसीवाल्या मीटरने नाही. मेन फ्यूज बॅटरीपासून १५–२० सेंमीच्या आत, डॅशखाली नव्हे. फ्यूजच्या आधीची वायर चेसिसला घासली तर तिला थांबवणारं काही नसतं.

रिले आणि फ्यूजचा डबा पॅनलवर नको, बाजूच्या पाइपवर, तोंड खाली करून. उघडी गाडी आहे. वायर जोडताना कुठेही पिळून टेप मारू नका, क्रिंप करा (टर्मिनल पक्कडीने दाबून बसवा) आणि वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी). साधी काळी टेप आपल्याकडच्या उन्हात चिकटपणा सोडते आणि नुसता डिंक हाताला लागतो. रिले, टर्मिनल, श्रिंक बर्डीत (सीताबर्डीच्या बाजारात) सुटे मिळतात.

---

पाना_नंबर_१०

रेक्झिनबद्दल. मी तरी लावणार नाही. पाऊस खाणाऱ्या गाडीत मॅट टेक्श्चर पेंट बरा. लावायचंच असेल तर पाठीला विणलेलं कापड असलेलं ताणणारं रेक्झिन आणि उष्णता सोसणारा स्प्रेचा सोल्युशन (चिकटवायचा गोंद) घ्या. चपला-सनमायकावाला साधा सोल्युशन दुपारी मऊ पडतो आणि आत वळलेल्या भागात रेक्झिन फुग्यासारखं सुटतं. तिथे ताण सोल्युशनवर सोडायचा नाही, शिलाई घ्यायची. कडेला २५ मिमी मागे वळवून अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीने दाबा.

वरचा भाग कुठल्याही परिस्थितीत गडद आणि मॅट. क्रीम किंवा चकचकीत काळा केला की दुपारी काचेत रस्त्याऐवजी डॅश दिसतो. गेजची काच डोळ्याकडे काटकोनात नको, वरचा भाग थोडा चालकाकडे झुकलेला, म्हणजे आकाश परावर्तित होत नाही. हूड गेजच्या पुढे निदान ६० मिमी.

गुडघ्यासमोर बाहेर आलेले टॉगल स्विच दिसायला छान, आपटल्यावर वाईट. आत बसणारे रॉकर घ्या. कडांचा नियम युरोपात यूएन रेग्युलेशन २१ मध्ये आहे: डोकं पोहोचेल तिथल्या कडेची त्रिज्या किमान २.५ मिमी. फायबरमध्ये हे फुकट मिळतं, साच्यातच घ्या.

---

कागदपत्रं_आधी

एकच सांगतो. डॅश कितीही देखणा झाला तरी घरी बांधलेली गाडी नागपूरची एमएच ३१ ची पाटी लावून वर्धा रोडवर काढता येईल असं धरून चालू नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२६ प्रमाणे प्रोटोटाइपची चाचणी लागते. आणि ८०० च्या जुन्या आरसीवर नवी चेसिस चालवायची म्हटली तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत बदल करण्याबद्दलचं) आडवं येतं. शेतात, खासगी आवारात, ट्रॅकवर चालवा.

---

चेसिस_नागपुरी

खासगी जागेतच चालणार आहे, ते आधीच ठरलंय. सेंडर काढून मोजला: फ्लोट खाली १०५ ओहम, मधे ३४, वर ६. हाताशी असलेला गेज १०–१८० चा आहे. चालेल?

---

बारा_व्होल्ट

नाही. उलटा आहे. टाकी भरली की ६ ओहम, गेज म्हणेल रिकामी. टाकी कोरडी पडली की १०५, काटा अर्ध्याच्या आसपास उभा राहील आणि तुम्ही निवांत चालवत राहाल. रेझिस्टन्स जोडून ओहम सरकवता येतात, दिशा उलटत नाही.

दोन मार्ग. एक, ओहम स्वतः शिकवता येतात असा प्रोग्रॅमेबल गेज. दोन, ८०० च्या मूळ क्लस्टरमधलं (मीटरच्या एकत्र संचातलं) पेट्रोलचं गेज सोडवून घ्या, कारण त्याची जोडी याच सेंडरशी आहे. क्लस्टरमागे व्होल्टेज रेग्युलेटर असेल तर तोही सोबत घ्या, गेजला थेट बारा व्होल्ट देऊ नका. ते गोल नाही, त्यामुळे मागून ब्रॅकेटने बसवून समोर ५२ ची रिंग लावावी लागेल, आणि काट्याचा पूर्ण फेरा त्या रिंगेत मावतो का ते आधी कागदावर काढून पाहा. पेट्रोलच्या गेजची रिंग तोपर्यंत चिकटवू नका.